दुपटं

रात्री पावणेदोनला फोन.
मी विचारलं, उलटीचा रंग कोणता?
पलीकडे क्षणभर काहीच नाही.
मग दस्तगीर नदाफ म्हणाले,
"पिवळा नव्हे, मॅडम. पिवळा मला कळतो."

सांगलीच्या मार्केट यार्डात सव्वीस वर्षं
हळकुंड मोडून आतला रंग बघणारा माणूस.
मी म्हटलं, आष्ट्याहून आत्ताच निघा.
दुपटं धुऊ नका. तसंच आणा.

चार वर्षांपूर्वी कवठ्याहून असाच फोन होता.
कुणीतरी म्हणालं, पिवळसर.
मी म्हणाले, सकाळी आणा.
सकाळी आणलं.
पोट उघडलं तेव्हा आतडं वांग्याच्या रंगाचं होतं.
त्यानंतर मी कुणाच्या शब्दावर रंग घेत नाही.

नातीला नऊ दिवस. नाव ठेवायचंय.
पोट मऊ. दाबलं तरी कुरकुर नाही.
हे मऊपणच फसवतं.
गावात दोघांनी गॅस म्हटलं,
एकाने ढेकर काढून झोपवा म्हटलं.
तरन्नुमने पिशवीतून दुपटं काढलं, घडी उलगडली.
पालक उकळल्यावर पाणी जसं होतं,
तसं हिरवं.

जेल तळहातावर कोमट केलं.
गर्भात दहाव्या आठवड्यात
आतडं नाळेतून पोटात परततं,
येता येता वळसा घेतं
आणि दोन खुंट्यांना बांधून घेतं,
एक वर डावीकडे, एक खाली उजवीकडे.
हिचा वळसा अर्ध्यात राहिला.
खुंट्या जवळजवळ,
मधल्या बारीक देठावर सगळा भार,
आणि देठ पिळलेला.

पडद्यावर शीर धमनीच्या डावीकडे.
तिथं ती नसते.
रंग चालू केला:
लाल, निळा, निळ्यात लाल,
पुलाच्या खांबाशी कृष्णा फिरते तसा
बोटाच्या पेराएवढा भोवरा.

उपाध्ये सर झोपेतून उठून आलेले.
म्हणाले, पांढरं औषध पाजून एक्स-रे काढू या का, खात्रीला?
मी मान हलवली. खात्री पडद्यावर फिरतेय, सर.
टेबल लावा.

घड्याळाच्या काट्यांच्या उलट
दोन पूर्ण वळसे, वर थोडा.
मग गरम ओले कपडे आणि वाट बघणं.
दहा मिनिटं कुणी बोललं नाही.
कडेकडेने गुलाबी यायला लागलं.
पुस्तकातल्या जागी काहीच परत ठेवलं नाही.
बारीक आतडं उजवीकडे, मोठं डावीकडे,
देठ रुंद करून.
पुढे कुणी अपेंडिक्स शोधत बसू नये
म्हणून तेही काढलं.

बाहेर दस्तगीर बाकावर,
नखांच्या कडा अजून हळदीच्या.
मी सांगितलं. ते उठले, परत बसले.
तरन्नुम म्हणाली,
"मॅडम, ते दुपटं मिळेल का?
बहिणीचं आहे. परत द्यायचंय."

बेसिनमध्ये मीच धुतलं.
तिसऱ्या पाण्यालाही
थोडंसं उरलंच.