कडी

पेडणे ते पणजी, आमच्या बसचे सतरा थांबे.
त्यांतल्या तीन ठिकाणी कंडक्टरला आडोसा मिळतो:
कोलवाळच्या पुलाआधीचं काजूचं झाड,
म्हापशाचा स्टँड (दोन रुपये, वास फुकट)
आणि पर्वरीला एक ओळखीचं गॅरेज.
धरून ठेवणं म्हणजे काय, ते मला शिकवू नका.

तरी पोराचं कळलं नाही.

दत्तेश, वय सात, दुसरीत.
चवथ झाली आणि सुरू झालं.
पहाटे चारला तो आपणच उठतो,
चादर गोळा करून न्हाणीत भिजत घालतो,
ओल्या जागेवर टॉवेल पसरतो
आणि गादीच्या कडेला निजतो, लाकडासारखा.
मी जागा असतो. निजल्यासारखं करतो.
दोघांनाही तेच बरं वाटत असावं.

त्याची आई बांबोळीच्या इस्पितळात, रात्रपाळीला.
तिथले डॉक्टर म्हणाले, वाढेल तसं जाईल.
शेजारची शेवंतीबाय म्हणाली, तीळ नि गूळ.
डेपोतला प्रियोळकर, माणूस शिकलेला,
म्हणाला, निजताना चिमूटभर ओवा.
तीळ झाले, गूळ झाला, ओवा झाला.
दोरीवर चादरी वाळत राहिल्या,
मागच्या अंगणात, रस्त्यावरून दिसणार नाहीत अशा.

मग एका शुक्रवारी रजा टाकली,
त्यालाही शाळा बुडवू दिली,
आणि म्हापशाच्या बाजारात कोन्सूमायपुढे उभे राहिलो.
चोरिसाच्या माळा संपतात, खाजं सुरू होतं,
मधल्या चार फुटांत तिचं गोणपाट:
वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, वाळ्याच्या जुड्या,
आणि काही मुळं, ज्यांची नावं ती गिऱ्हाइकाला सांगत नाही.

मी वाकून, दबक्या आवाजात सुरुवात केली.
तिनं मला हातानं बाजूला केलं, माशी वारावी तसं,
आणि पोराला विचारलं,
"पुता, परसाकडे कधी गेलेलास?"
त्यानं बोटं मोजली.
सोमवारी.

"एका खोलीत दोन पाहुणे," ती मला म्हणाली,
"एक हलायचं नाव घेत नाही,
मग दुसरा दारात सांडणार नाही तर काय?"
आणि परत त्याच्याकडे वळून,
"धरतोस कित्या रे?"

माझा मुलगा मुरुडशेंगेच्या पिळाकडे बघत म्हणाला,
शाळेच्या संडासाला कडी नाही.
मोठी मुलं दार ढकलतात.
म्हणून मी शाळेत पाणीच पीत नाही.

मागे कुणीतरी मयड्याच्या केळ्यांचा भाव पाडत होतं.
पावलं त्याच जागी होती माझी,
पण थांबा चुकल्यासारखं झालं.

तिनं मूळ दिलं नाही.
"मूळ घेऊन घरी जाशील नि स्वस्थ बसशील."
काळ्या मनुकांची पुडी दिली: रात्री भिजव,
सकाळी कुस्करून पाण्यासकट दे,
नि दिवसा त्याला पाणी पिऊ दे, पोटभर.
दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर परत डॉक्टर,
माझ्याकडे नको.
सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत,
मनुकांचे जरा जास्तच लावले.

स्टँडजवळच्या दुकानात पितळी कडी, पासष्ट रुपये,
स्क्रू वेगळे.

शनिवारी हेडबाई म्हणाल्या, अर्ज करा,
वर पाठवावा लागेल.
मी अर्ज केला.
मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.
दत्तेशला दारापाशी उभं केलं,
त्याचा हात सहज पोचेल तिथे
पेन्सिलीनं खूण केली.

तो आत गेला. टक् झालं.
बराच वेळ काहीच नाही.
बस असती तर मी दोनदा घंटी मारली असती.

अजूनही आठवड्यातून एखादी पहाट ओली निघते.
पण आता तो हाक मारतो, "बाबा, उठ."
चादरीचं एक टोक त्याच्याकडे,
एक माझ्याकडे,
आणि पिळताना तो म्हणतो, तुमचा हात उलटा फिरतोय.