धुण्याचा वार

माझा वार मंगळवार, तोही एक सोडून एक.
तळघराच्या दाराला तक्ता आहे. त्यात माझं आडनाव
फ्राऊ त्सुरब्रिगन यांनी पट्टी धरून लिहिलंय,
शेवटचं अक्षर चुकवून.
चार वर्षं झाली. आता मीच कधीकधी सही तशी करते.

यंत्राचं रबर पुसून ठेवायचं.
जाळीतला कापूस काढायचा, दुसऱ्याचा असला तरी.
रविवारी बाटल्या टाकायला जायचं नाही.
जिन्यात कुणी भेटलं तर नुसतं हसून भागत नाही,
नाव घेऊन नमस्कार करायचा.
येतं मला हे सगळं.
बारा ते एक मी घरात पावलंसुद्धा उसनी आणल्यासारखी टाकते.

कॅन्ससला वॉशर स्वयंपाकघराला लागूनच होता.
रात्री अकराला एकच मोजा धुवावासा वाटला,
तर धुवायचा.

वडिलांचा फोन येतो त्यांच्या सकाळी सहाला.
माझं जेवण झालेलं असतं.
कशी आहेस वगैरे ते विचारत नाहीत, वारा सांगतात.
दक्षिणेचा, ताशी तीस मैल.
मी त्याचे किलोमीटर करत नाही. तेवढं एक राखलंय.
मग दोघंही गप्प,
आणि त्यांच्या ओट्यावर कॉफीचं भांडं खाकरतं.
ते ऐकायलाच तर मी फोन कानाशी धरून ठेवते.

इथला वारा दरीतून येतो, वळणं घेत, विचारून आल्यासारखा.
आणि डोंगर. सुंदर आहेत ना, लोक म्हणतात.
आहेत.
पण कुणीतरी सतत समोर येऊन उभं राहावं, तसे.
आमच्याकडे समोर काहीच नसायचं.
पत्र यायच्या आधी वीस मिनिटं
टपालगाडीची धूळ दिसायची.

इथे ह्याला जो शब्द आहे, त्याची फोड केली तर होते घरदुखी.
दातदुखी, डोकेदुखी, तशी घरदुखी.
औषधाच्या दुकानात जाऊन मागावं, इतका साधा शब्द.

फेब्रुवारीतला बुधवार. दुपारी दीडला भोंगा झाला.
सरावाचा. गावात सगळ्यांना माहीत होतं,
पत्रकही आलं होतं, मीच ते रद्दीत घालून
सुतळीने नीट चौकोनी बांधून दिलं होतं.
पण पायांना कुठे वाचता येतं?
टॉर्च घेतला, बूट घेतले हातात,
आणि सात वर्षांची मी
तीन जिने उतरून तळघरात.

फ्राऊ त्सुरब्रिगन चादर झटकत होत्या.
“आज बुधवार,” त्या म्हणाल्या. “तुमचा नाही.”
मी टॉर्च पाठीमागे धरला. तो पेटलेलाच होता,
मागच्या भिंतीवर माझी बोटं मोठमोठी.
वादळ, मी म्हटलं. आमच्याकडे भोंगा म्हणजे वादळ.
घाईत वादळाला चुकीचं लिंग लावलं.
त्यांनी सुधारलं नाही.
चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली.

ताणायची. जवळ यायचं. टोकं द्यायची. पुन्हा लांब.
तिसऱ्या घडीला, माझ्याकडे न बघता,
त्या म्हणाल्या, “मी वेरेना.”

माझ्या भाषेत सगळ्या जगाला मिळून एकच शब्द:
कुत्र्याला तो, बँकेला तो, देवालाही तोच.
‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायला
इतक्या पायऱ्या उतराव्या लागतात,
आणि त्या खाली तळघरात येतात, हे मला कोण सांगणार होतं?
“तू,” मी म्हणून बघितलं. “तू धर हे टोक.”
भोंगा केव्हा थांबला, कळलं नाही.

गुरुवारी वडिलांना सांगितलं.
“सरावाचाच होता ना?”
हो.
“तरी खाली गेलीस?”
गेले.
भांडं खाकरलं.
“बरं केलंस,” ते म्हणाले,
आणि मग वारा सांगितला.