वितळणबिंदू

नमुना क्रमांक एक्केचाळीस.
जुन्या वर्तमानपत्रात बांधलेल्या पाऊण किलो
रातांब्याच्या बिया,
काहींना अजून सुकल्या गराची लाल शीर चिकटलेली.
आणणाऱ्याचं नाव : शेवंती धुरी, मठ, ता. वेंगुर्ला.

मी टरफलं फोडते, आतला मगज कुटते,
कागदी नळकांड्यात भरून काचेत उतरवते.
सहा तास हेक्झेन वर जातं, थेंबाथेंबानं परततं,
दर खेपेला थोडं काहीतरी बियांचं
पदरात बांधून.

मगजात तेल : शेकडा त्रेचाळीस.
स्टिअरिक निम्म्याहून जास्त, उरलेलं बहुतेक ओलेइक.
म्हणूनच नाव तेलाचं आणि बैठक तुपाची;
मे महिन्यात अख्खं वेंगुर्लं निथळत असतं
तेव्हाही हे वाटीत घट्ट बसून.

रंग : फिकट पिवळा.
वास : विशेष नाही.

तिनं टेबलावर ठेवलेल्या मुठेलाला मात्र
वास आहे, चुलीचा, तपेल्याचा.
वाटायचं, उकळायचं, रात्रभर निवू द्यायचं,
पहाटे वर आलेली साय गोळा करून मुठीत आवळायची.
अंड्याएवढा गोळा,
त्यावर चार बोटांच्या चार खाचा.

"माज्या मुठीत कितक्या येता?"
मी हिशेब केला. त्रेचाळीसातले सव्वीस.
वाटलं, खट्टू होईल.
"उरला ता पेंडीत," ती म्हणाली, "पेंड माडाक."
आणि पिशवीची घडी घालू लागली.

केशनळीत पारा चढत गेला.
साडेएकोणचाळीसला पांढरं एकदम काच झालं.
म्हणजे सदतीसच्या अंगावर हे वितळायला नको.
अडीच अंश कमी पडतात.
मी चिमूटभर घेऊन, द्रावणांनी फाटलेल्या
माझ्या बोटाच्या पेरावर ठेवलं.
तसंच राहिलं, मेणाच्या ठिपक्यासारखं.

"ठेवन काय जाता? घासूक व्हया गो बाय."

घासलं.
आधी खरखर,
मग कधी
ते कळलं नाही.

तक्त्यात ह्याला रकाना नाही.
शेऱ्यापुढे पेन टेकवलं, काही सुचेना,
नुसता अंगठा उमटला कागदावर,
तेवढ्या जागी कागद पारदर्शक झाला
आणि खालच्या कोऱ्या फॉर्मवरचा
बेचाळीस
वर दिसू लागला.