तीनशे एकेचाळीस

स्लाउमध्ये रात्री तीनच्या सुमाराला
चॉकलेटच्या कारखान्याचा वास सुटतो.
आमच्या इमारतीला खिडक्या नाहीत,
तरी तो आत कसा येतो, कुणालाच ठाऊक नाही.

माझं काम सांगायला सोपं.
एक रिकामी विनंती सोडायची:
न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, टोकियो,
सिंगापूर, मुंबई, मार्सेय,
आणि परत इथे, शेजारच्याच रॅकमध्ये,
जिथे माझा हात बसल्याजागी पोचतो.
दीड फुटासाठी अख्ख्या पृथ्वीला वळसा.
द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

आकडा येतो. तीनशे एकेचाळीस मिलिसेकंद.
पापणी लवते न लवते तोवर.
काचेतून जाताना उजेड मंदावतो
हे शाळेत शिकले होते,
पगार त्याच्यावर मिळेल असं वाटलं नव्हतं.

विनंतीत काही नसतं.
आहेस? एवढंच.
पलीकडून, आहे.
मधल्या एखाद्या टप्प्यावरून मात्र उत्तरच येत नाही,
पडद्यावर नुसत्या तीन चांदण्या उमटतात.
ते यंत्र स्वतः बोलत नाही,
पण आलेलं पुढे पाठवतं, न चुकता.
आमचे आतोबा असेच होते.

एमलिन प्यू साडेदहाला येतो.
वेल्सचा, साठीला टेकलेला,
अर्धं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेलं.
दारातूनच म्हणतो, "ऑलराइट?"
पहिल्या वर्षी मी खरंच सांगायचे,
गुडघा धरलाय, बॉयलर बंद पडलाय, घरमालक फोन उचलत नाही.
बिचारा कॉफीच्या मशिनकडे पळायचा.
मग लक्षात आलं,
हे आपल्या "जेवण झालं का?"सारखंच.
ताटात काय होतं ते सांगायचं नसतं.

गुरुवारी तो माझ्याआधी आलेला.
म्हणून मीच विचारलं, "ऑलराइट?"

चार सेकंद.

मोजायची सवय वाईट.
तेवढ्यात माझी विनंती
जगाच्या अकरा फेऱ्या मारून
बाराव्या फेरीत
तांबड्या समुद्राच्या तळाशी असती.

"ऑलराइट," तो म्हणाला.
उत्तर शाबूत. एक अक्षर गळलेलं नाही.

त्याच्या बायकोचं नाव मेना, एवढंच मला माहीत.
आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेली सँडविचं
दोन आठवडे त्याच्या पिशवीत दिसलेली नाहीत,
मशिनमधले चिप्स खातो, उभ्यानं.

मी किटली लावली.
दोन मग, त्याच्यात साखर तीन चमचे,
डॉक्टरनं नको सांगितलीय तरी.
तो येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहिला,
पडद्यावरच्या नवव्या टप्प्यावर बोट ठेवलं.
काचेवर बोटाचा ठसा उमटला.

"हा बंद नाहीये," म्हणाला,
"नुसता बोलत नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले.
लगेच.