क्षेपक

कंपनीने परवा जाहीर केलं:
शततारका नौकेच्या गोष्टींपैकी
अमुक अमुक घडल्या, बाकीच्या घडल्याच नाहीत.
सोबत यादी. खाली सही नाही, शिक्का आहे.

मला शिक्क्यांचं कळतं.
बावीस वर्षं जी-दक्षिण वॉर्डात
जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे बसते.
एक काना चुकला तर माणसाची पेन्शन अडते,
म्हणून यादी मी वरून खाली, बोट ठेवून वाचली.

तिसा तिच्यात होती.
भाग एकोणीसपर्यंत.

एकोणिसाव्यात ती झडप बंद करायला बाहेर जाते
आणि झडप बंद होते. ती बाहेरच.
त्या रविवारी आमच्या मजल्यावर कोणी धड जेवलं नाही.
उदयनने आमटीत बोट बुडवून
ताटाच्या काठावर नौका काढली
आणि आई ओरडली तरी पुसली नाही.

मग पोर्तुगीज चर्चच्या कोपऱ्यावर, दोन रुपयांना,
'शततारका, अंक पाचवा'.
शाई हाताला लागणारी. आत तिसा जिवंत.
एका ओल्या चंद्राच्या काठाला लागलेली,
अंतराळवेषाच्या नळ्या सोडवून जाळं विणत बसलेली.
त्या अंकांत नौका धक्क्याला लागायची,
कप्तान वारा कुठला ते विचारायचा, निर्वातात,
आणि उपाशी खलाशी
सुकटीच्या आठवणीने रडायचे.
आम्हाला काहीही खटकलं नाही.
असे अकरा अंक. लेखक: ज. ह. वैती.

खटकायला पुढे कॉलेजात शिकवलं.
सर पोथीतल्या ओव्यांना पेन्सिलीने कंस घालायचे:
हे क्षेपक. धातू क्षिप्, फेकणे.
मागाहून, बाहेरून कोणीतरी आत फेकलेलं.
घरी आले तर आई कणीक मळताना
कंसातलीच एक ओवी म्हणत होती.

परवा उदयनचा मुलगा म्हणाला,
"आत्या, ते अंक धरत नाहीत."
कोण धरत नाही?
अख्खी नौकाच कुठल्या वहीत नोंदली आहे, निहार?
बरं, मालकी त्यांची, कबूल.
पण आपण पागडीतली माणसं,
वहिवाट म्हणजे काय हे मला शिकवू नकोस.
तो हसला. मला पुरतं हसू आलं नाही.

शनिवारी वरळी कोळीवाड्यात गेले.
वैती सापडले. एक्क्याऐंशीचे.
छापखान्यात खिळे जुळवायचे, आता खाटेवर,
कानात यंत्र, दारात सी-लिंक.
मूळ मालिका त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.
टीव्ही नव्हता. रद्दीत एक परदेशी चित्र मिळालं होतं:
काळ्या पाण्यात तरंगणारी बाई,
कमरेला तुटका दोर.
पाणी, असं ते म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही.
"इंग्रजी कोनाला येतंय? बाय परलीय, येवरां कललां."
नाव तेवढं मालकाच्या पोराने वाचून दिलं.
बाकी रात्रपाळीत, उरलेल्या कागदावर.

मग विचारलं, आज कशी काय आलीस?
यादी पुढे केली. चष्मा नव्हता, म्हणून
मला सांगावंच लागलं.

"तिकरं मेली ती?"

खिडकीमागे हे रोज ऐकते,
त्यासाठी एक चेहरा ठेवलेला असतो.
तो घरी राहिला होता.
वैतींनी यंत्र काढलं, फुंकलं, पुन्हा घातलं,
जसं काही ते चुकलं असावं.
मग पाण्याकडे बघत,
मला नाहीच, कंपनीलाही नाही:

"त्यांचे बोटीन कोन नव्हता काय,
दोर टाकाला?"