हायड्रोजनची रेघ

विजयदुर्गात, साहेबाच्या ओट्यांवर
आपाकाका रापणीचा दोर सांधत बसलेले,
बॅटरी गुडघ्यांत धरून.
इथूनच ग्रहणात कुणी सूर्य न्याहाळला
आणि हेलियमची पिवळी रेघ दिसली, असं गावात सांगतात.
काकांना त्याचं काही नाही.
"पुण्याक ऱ्हवान करतंस तरी काय गो?"

म्हटलं, जोडतारे.
एकाच ढगातले दोघे. थोरला वजनदार,
म्हणून त्याची चूल भडकून पेटते
आणि आधी विझायला येते.
तेव्हा तो फुगतो, इतका
की अंगावरचं आवरण मधली हद्द ओलांडून
धाकट्याकडे ओघळू लागतं.
धाकटा घेतो. नको म्हणायची सोय नसते.
काही हजार वर्षांत हिशेब उलटा:
धाकटा भारी, निळा, नव्याने तरुण,
आणि थोरला सोडण काढलेल्या नारळासारखा,
नुसता हेलियम.

"मगे?"

मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन,
एकेक जळण कमी कमी दिवस पुरणारं.
शेवटी लोखंड.
लोखंडातून ऊब निघत नाही, काका.
सेकंदाच्या आत गाभा खचतो,
आणि आपल्या दुर्बिणीत, कधीतरी, लाखो वर्षांनी,
कालपर्यंत नसलेला एक ठिपका.

काकांनी पीळ दाताखाली धरला, सोडला.
"आणि धाकलो?"

बांधणारं वजनच उडून गेलं की
ज्या वेगाने फिरत होता त्याच वेगाने सरळ निघतो.
रापण ओढताना दोर तुटावा, तसा.

"खुळी! दोर तुटलो काय माणूस पाठी पडता.
मी पडलंय. हय, ह्या खांद्यार."

पडायला वाळू लागते, काका. तिथे नाही.

यावर ते बराच वेळ बोलले नाहीत.
वाघोटणच्या खाडीतून कुणाचं इंजिन
खोकत आत आलं, बंद झालं.

मी सांगायची राहिलेली गोष्ट ही:
अशा स्फोटाच्या वर्णपटात हायड्रोजनची रेघ नसते.
सगळ्या विश्वात भरून राहिलेला वायू, आणि तिथे
त्याची जागा कोरी.
त्या कोऱ्या जागेवरून आम्ही ओळखतो
की शेजारी कुणीतरी होतं.
जुन्या छायाचित्रांत शोधत बसतो, कोण.

"धर गो," काका म्हणाले,
आणि दोराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.
गाठ टिकते का, ते बघायला
त्यांनी हिसका दिला.