ज्योत हलली नाही

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धूळ नको.
कसली, ते बोलल्या नाहीत.
वेइक्कोही गाडीत बोलला नाही.
घरी येऊन थेट तळघरात उतरला,
भट्टीच्या पाइपावर डोकं आपटलं
आणि शिवी हासडली, फिनिशमध्ये,
म्हणजे मनापासून.

चौतीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढलेला माणूस.
त्याच्या हातांखालून गेलं ते लाकूड नव्हेच, लगदा.
निवृत्त झाल्यावर त्याला हवं होतं
रेषांचं, गाठींचं,
रंध्याला उलटून बोलणारं लाकूड.
आणि मला हवा होता श्वास.

तर मग खोली. तळघराच्या आत आणखी एक खोली.
तिला भिंती, भिंतींना पोट,
पोटात ठासून दगडलोकर.
जिप्समचे तक्ते जिन्यात वळेनात,
म्हणून ते अंगणातच कापले, उणे सव्वीसमध्ये.
एक टोक पास्क्वालेनं धरलं, यानं सुरी ओढली.
पास्क्वाले ओरडून विचारतो, इर्या, हा तुरुंग कुणासाठी?
मी खिडकीतून खोकून दाखवलं.

ओळंबा सोडला तेव्हा कळलं, घर तिरकं आहे.
बांधल्या दिवसापासून तळ्याकडे कलतंय,
सुपीरियरचा वारा पाठीशी असूनही.
एक्केचाळीस वर्षं आम्ही त्यात सरळ चालतोय
असं आपलं आम्हाला वाटत होतं.
त्यानं नवी चौकट सरळ बसवली
आणि फटीत पाचरी मारल्या.

एका रात्री दोन वाजता उठून बसला.
पंखा आतली हवा बाहेर फेकणार,
मग भट्टीचा धूर मागे फिरेल की!
घर उलटा श्वास घेईल, इर्या.
मी म्हटलं, उलट्या श्वासाचं मला नको सांगूस.
सकाळी भिंतीला भोक पाडलं,
बाहेरच्या थंडीला आत यायला
एक नळकांडं दिलं, जाळी लावून, उंदरांसाठी.

दार सगळ्यात शेवटी.
त्याच्या आईच्या सौनाचं, सीडरचं,
मधोमध वीतभर काच.
कडेनं रबराची पट्टी, उंबऱ्याला ब्रश.
करवत आत चालू केली, मेणबत्ती माझ्या हाती दिली,
फिरव म्हणाला चौकटीभोवती, सावकाश.
मी फिरवली. बिजागऱ्यांपाशी दोनदा.
ज्योत हलली नाही.
काचेआडून त्यानं अंगठा दाखवला
शाळेतल्या पोरासारखा.

पूर्वी मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळायचं:
मेपल असलं की करवत गुरगुरते,
पाइनला शीळ घालते.
शिवी आली, म्हणजे माप चुकलं.
काहीच आलं नाही, म्हणजे पेन्सिल कानावरून हातात आली.
जमिनीतून मला त्याचा अख्खा दिवस ऐकू यायचा.
आता फ्रिज तेवढा बोलतो.
त्यानं माझ्यासाठी ओट्याशेजारी एक बटण बसवलंय,
दाबलं की खाली लाल दिवा लागतो.
जेवायला ये. फोन आलाय. बर्फ थांबलं.
सगळ्याला एकच दिवा.

काल दोनदा दाबलं. आला नाही.
खिशात पंप टाकून उतरले,
कठड्याला धरत, अकरा पायऱ्या.
काचेतून बघते तर पाठ दिव्याकडे,
खुर्चीचा पाय मांडीवर, हातात पॉलिशपेपर,
आणि तोंड हलतंय.
वाटलं, शिव्या. पण मान डोलत होती.
टाच ठेका धरत होती, भुश्शात.

गात होता.
चर्चमध्ये नुसते ओठ हलवणारा हा माणूस,
आमच्या लग्नातही पास्क्वालेला पुढे करून
मागे सरकलेला.
कुठलं गाणं, कळेना.
मी काचेला कान लावला,
मग रबराच्या पट्टीला, मग खाली ब्रशपाशी वाकून.
काम चोख केलंय त्यानं.

टकटक करावीशी वाटली. नाही केली.
वर आले, पाचव्या पायरीवर दम खात.
बटणाजवळून गेले.
कॉफीवर बशी झाकली.